निवडलेली माणसं की वाट्याला आलेली माणसं? (छोटं गाव आणि मोठं शहर)

उंबरठा

छोटं गाव चांगलं की मोठं शहर, या वादातली दोन्ही बाजूंची वाक्यं आता सगळ्यांना पाठ आहेत. एक म्हणणार, गावात शांतता आहे, हवा आहे, माणुसकी आहे. दुसरा म्हणणार, शहरात संधी आहे, वेग आहे, जिवंतपणा आहे. मग पहिला शहरातल्या गर्दीवर घसरतो, दुसरा गावातल्या चोंबडेपणावर, आणि दोघेही आपापलं मत घेऊन सुखरूप घरी जातात.

मी दोन्हीकडे राहिलोय, आलटून पालटून. त्यातून एक मत बनलंय ते मांडतो, नाही पटलं तर बिनधास्त फाडा. शांतता आणि वेग हा फरक वरवरचा आहे. मोठ्या शहरातही मागच्या गल्लीत दुपारी शुकशुकाट असतो आणि छोट्या गावात बसस्टँडवर सकाळी कानठळ्या बसतात. खरा फरक असा की शहरात तुम्ही माणसं निवडता आणि गावात ती तुमच्या वाट्याला येतात. बाकीचं बरंचसं त्यातून निघतं.

वाट्याला येतात म्हणजे कशी, ते सांगतो. छोट्या गावात एका माणसाशी तुमचं एकच नातं कधी नसतं. ज्याच्याशी कुंपणाच्या हद्दीवरून तणातणी चालू आहे तोच वाचनालयाचा सचिव. त्याची बायको तुमच्या मुलीची वर्गशिक्षिका. त्याचा भाऊ गावातला एकुलता एक दातांचा डॉक्टर. आता तुमची दाढ ठणकायला लागली. दवाखान्यातल्या बाकावर तुम्ही गाल धरून बसलाय, शेजारी तोच सचिव थकबाकीची वही मांडीवर घेऊन बसलाय आणि त्या वहीत तुमच्या नावापुढे दोन पुस्तकं दिसतायत. बोलणार नाही तर जाल कुठे? आधी दाढेबद्दल बोलता, मग पुस्तकांबद्दल. कुंपणाचा विषय दोघंही टाळता. पुढे कधीतरी कुंपण वीतभर सरकतं आणि प्रकरण मिटतं. याला मी प्रेम म्हणणार नाही. भांडण परवडत नाही, इतकंच.

शहरात भांडण परवडतं. हा डॉक्टर नाही पटला, दुसरा आहे. हा गट नाही जमला, बाहेर पडा. त्यामुळे माणूस मोकळा होतो, पण न पटणाऱ्या माणसाशी निभावून न्यायची सवय सुटत जाते.

तर प्रश्न असा: मोठ्या शहराची ऊर्जा म्हणतात ती या निवडीतूनच येते का? आणि तिच्या बदल्यात काय जातं?

टवाळ

"दुरून डोंगर साजरे" मीच लिहून टाकतो, पुढच्यांचे कष्ट वाचतील. बाकी चालू द्या.

धावपळ

उंबरठा, मांडणी आवडली, पण वेगाला तुम्ही फारच सहज बाजूला सारलंत. मी छोट्या गावात वाढले. अजूनही सुट्टी संपवून परत आले की स्टेशनबाहेर पाऊल टाकताच माझी चाल बदलते. कुणी सांगत नाही, कुणी ढकलत नाही, पाय आपोआप उचलले जातात. खांद्यावरची बॅग पुढे येते, डोळे माणसांच्या फटी शोधायला लागतात. आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटतं. अंगात काहीतरी चालू झाल्यासारखं.

कामाचंही तसंच. काही नवीन करायचं डोक्यात आलं आणि गावी बोलून दाखवलं तर पहिला प्रश्न "कशाला?" शहरात तेच बोलले तर "कधी?" हा फरक कमी नाही. आणि तो दोन्हीकडच्या माणसांच्या स्वभावाचा नसावा. माझे गावचेच मित्र शहरात आले की "कधी?" विचारायला लागतात.

मोजपट्टी

धावपळ, पाय आपोआप उचलले जातात हे लोकांनी घड्याळ लावून मोजलंय. मार्क आणि हेलन बॉर्नस्टाइन यांचा १९७६ साली 'नेचर'मध्ये एक छोटासा लेख आला होता. सहा देशांतली १५ गावं-शहरं घेतली, मुख्य रस्त्यावर ५० फुटांचा पट्टा आखला आणि एकट्याने चालणाऱ्याला तो पार करायला किती वेळ लागतो ते पाहिलं. लोकवस्ती मोठी तशी चाल जलद.

पुढे १९९९ मध्ये रॉबर्ट लेव्हिन आणि आरा नोरेनझायन यांनी ३१ देशांतल्या मोठ्या शहरांत तीन गोष्टी मोजल्या: चालण्याचा वेग, टपाल कचेरीतला कारकून तिकीट किती वेळात देतो आणि बँकांमधली घड्याळं किती बरोबर चालतात. निकाल मजेशीर आहे. वेगवान ठिकाणी हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जास्त निघालं आणि आपण समाधानी आहोत असं सांगणाऱ्यांचंही. म्हणजे दोन्ही पार्ट्यांना एकेक पुरावा मिळाला, घ्या वाटून.

पण उंबरठांच्या प्रश्नाला जास्त जवळचं काम २००७ चं आहे. लुईस बेटेनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि सहकाऱ्यांनी शहरांच्या आकाराचा हिशेब मांडला. लोकसंख्या दुप्पट झाली की रस्ते, विजेच्या तारा, पेट्रोलपंप दुप्पट लागत नाहीत, कमीत भागतं. उलट एकूण पगार, नवी पेटंटं वगैरे दुपटीहून जास्त होतात. घातांक १.१५ च्या आसपास, म्हणजे प्रत्येक दुपटीला दरडोई साधारण दहा टक्क्यांची वाढ. गंमत पुढे आहे. गंभीर गुन्हे आणि एड्सचे नवे रुग्ण हेही त्याच चढाने वाढतात. माणसं एकमेकांवर जास्त आदळतात, त्यातून कल्पनाही पसरतात आणि रोगही. तेव्हा शहराची ऊर्जा हवी पण कटकट नको, असं कुणी म्हणत असेल तर ते दोन वेगळे नळ नाहीत.

निवांत

समाधानी आहोत असं "सांगणाऱ्यांचं". सांगायला काय जातंय.

शॉर्टवेव्ह

उंबरठांनी निवडीचा मुद्दा काढला म्हणून लिहितो, एरवी मी वाचनमात्र.

मला जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंचा नाद आहे. गावात मी एकटाच, त्यामुळे तिथे माझी ओळख "रेडिओवाला येडा" अशी. प्रेमानेच म्हणायचे, पण येडाच. शहरात आलो आणि कळलं की एका सभागृहाच्या तळघरात दर रविवारी असे चाळीसेक येडे जमतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा टेबलावर एक संच उघडा पडलेला, मागचा पुठ्ठा काढलेला, आतून धूळ आणि कपॅसिटरच्या वितळलेल्या मेणाचा वास येत होता. मी दारातच उभा. पलीकडच्या आजोबांनी मान वर न करता विचारलं, "गुणगुण ऐकू येतेय का?" मी म्हटलं, फिल्टर कपॅसिटर सुकलाय बहुतेक. त्यांनी सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे सरकवलं. नाव, गाव, धंदा, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझा नाद समजावून सांगावा लागला नाही. शहराने मला काय दिलं विचाराल तर ते सरकवलेलं सोल्डरिंग आयर्न.

आता दुसरी बाजू. तेच आजोबा एकदा लागोपाठ काही रविवार आले नाहीत. आम्ही सगळे एकमेकांना विचारतोय, पत्ता कुणाकडेच नाही. आडनावही नीट माहीत नाही. फोन नंबर होता, तो बंद. चाळीस माणसं, प्रत्येकाला त्यांच्या हातचा रेडिओ ओळखता येतो, आणि ते राहतात कुठे हे एकालाही ठाऊक नाही. पुढे आले एकदाचे. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. "तुम्हाला कशाला कळवायचं?" म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

टवाळ

शॉर्टवेव्ह, तुम्ही वाचनमात्र राहू नका हो. लिहीत जा.

उंबरठा

शॉर्टवेव्ह, जियो. माझ्या लांबलचक लेखापेक्षा तुमचे आजोबा जास्त सांगून गेले.

तुमच्या चाळीस येड्यांमागे एक जुना वाद आहे. १९३८ साली शिकागोच्या लुई वर्थ या समाजशास्त्रज्ञाने असं मांडलं की शहर मोठं, दाट आणि सरमिसळीचं होत जातं तशी नाती उथळ होतात, माणूस एकटा पडतो. आपण गावची बाजू घेऊन जे बोलतो ते जवळपास तेच. १९७५ मध्ये क्लॉड फिशर याने त्याला उत्तर दिलं: शहर माणसाला एकटं पाडत नाही, वेगळ्या माणसांना आपल्यासारखी पुरेशी माणसं मिळवून देतं. हजारात एखाद्याला व्हॉल्व्ह रेडिओचा नाद असेल तर पाच हजारांच्या गावात असे पाच जण, त्यातले दोन एकमेकांशी बोलत नसणार. पन्नास लाखांत पाच हजार. पाच जणांचा योगायोग होतो, पाच हजारांचं मंडळ होतं. शिवाय नुसते जमत नाहीत, एकमेकांना चढवतात. धावपळ म्हणतात तो "कधी?" तिथूनच येत असावा.

माझी शंका इथून पुढे सुरू होते. माणसं अशी नादानुसार वेचली की उरतं काय? तळघरात सगळे रेडिओवाले. त्यांना रेडिओ न आवडणारा माणूस भेटतो कुठे?

मोजपट्टी

या शंकेवर दोन संदर्भ आठवतात.

एक, २०१४ चा, पोर्तुगाल आणि ब्रिटनमधल्या दूरध्वनी संभाषणांचा अभ्यास. मजकूर नव्हे, कोण कोणाला फोन करतं एवढंच. लिस्बनमधला माणूस सरासरीने लिक्सा या चार-साडेचार हजार वस्तीच्या गावातल्या माणसाच्या साधारण दुप्पट लोकांच्या संपर्कात असतो. हे अपेक्षितच. पण तुमचे मित्र एकमेकांचे मित्र असण्याची शक्यता गाव लहान असो की मोठं, तेवढीच राहते. म्हणजे महानगरातला माणूसही एका गावातच राहतो, फक्त ते गाव त्याने स्वतः जमवलेलं असतं.

दोन, २०१२ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला. तिथल्या मोठ्या विद्यापीठातल्या आणि त्याच राज्यातल्या छोट्या कॉलेजांतल्या मित्रांच्या जोड्या घेतल्या आणि मतं, आवडीनिवडी, सवयी विचारल्या. मोठ्या विद्यापीठात माणसं जास्त तऱ्हेची होती, तरी मित्र मात्र एकमेकांसारखे निघाले. छोट्या कॉलेजांत मित्र एकमेकांपेक्षा जास्त वेगळे. निवडायला भरपूर असलं की माणूस आरसा निवडतो.

तेव्हा उंबरठा, तुमच्या दाढेच्या बाकाला आधार आहे.

नाव_नको

आधार असेल, पण तो बाक मला माहीत आहे आणि तो इतका छान नसतो.

माझा घटस्फोट झाला तेव्हा मी छोट्या गावात होते. कुणी वाईट वागलं असं अजिबात नाही. सगळे चांगलेच वागले, त्याचाच त्रास झाला. औषधाच्या दुकानात शिरले की दुकानदार आवाज उतरवायचा. बँकेच्या रांगेत बायका मला पुढे जाऊ द्यायच्या. मुलाच्या शाळेत काही बिनसलं तर बाई म्हणायच्या, "घरच्या परिस्थितीमुळे असेल." तो पेन्सिलीवरून भांडला होता! मी कुठेही पोचायच्या आधी माझी गोष्ट तिथे पोचलेली असायची. उंबरठा म्हणतात तशी एका माणसाशी चार नाती असली की एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत जातंच. तिथे दार नसतं.

शहरात आले. नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी विचारलं, "कितवा?" मी म्हटलं, सहावा. त्यांनी बटण दाबलं आणि आपल्या मोबाइलमध्ये डोकं घातलं. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आणि ती कुंपणाची तडजोड. दोन तोलामोलाच्या माणसांची होती ती. तुम्हाला सचिव लागत होता, सचिवाला तुम्ही. एक बाजू कमजोर असती, बाई एकटी, भाडेकरू, बाहेरून आलेलं कुटुंब, तर कुंपण वीतभर नाही, चांगलं हातभर सरकलं असतं आणि गाव म्हणालं असतं, "मिटलं ना, छान झालं." भांडण परवडत नाही हे खरं, पण ते कुणाला परवडत नाही हे आधी बघा.

धावपळ

नाव_नको, +१००. "तिथे दार नसतं" हे कायम लक्षात राहील.

उंबरठा

हा प्रतिसाद माझ्या मांडणीच्या मुळाशीच जातो. मी "न पटणाऱ्यांशी निभावणं" म्हणतो त्यातला मोठा वाटा काही ठिकाणी निव्वळ दबून राहणं असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. यावर घाईने काही लिहीत नाही.

निवांत

मी नोकरीभर महानगरात राहिलो आणि निवृत्तीनंतर छोट्या गावात आलो, तेव्हा माझी बाजू मांडलीच पाहिजे. गाव करी ते राव न करी, ही म्हण उगाच झालेली नाही.

मागे एका रात्री न्हाणीघरात पाय घसरून पडलो. घरात एकटा. फोन बाहेरच्या खोलीत. समोरच्या घरातल्या वहिनींच्या लक्षात आलं की माझ्या न्हाणीघराची खिडकी रोज साडेदहाला अंधारते, आज उजेडच आहे. त्यांनी मुलाला पाठवलं. तो हाका मारून, मागच्या दाराने आत आला. या मुलाशी माझं वर्षभर बोलणं नव्हतं, त्याच्या मोटरसायकलच्या आवाजावरून. त्यानेच मला उचललं. नाव_नको यांचा त्रास मी नाकारत नाही, पण ज्या नजरेचा त्यांना काच झाला तिनेच मला वाचवलं. ही नजर गरजेपुरती चालू आणि एरवी बंद, अशी मिळत नाही.

महानगरात कोण बघणार होतं? १९६४ सालची न्यू यॉर्कमधली ती घटना सगळ्यांना माहीत आहे. तरुणीचा खून होत होता, ३८ जण खिडकीतून बघत होते, एकही उतरला नाही.

धावपळ

निवांतकाका, तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. पण ती ३८ जणांची गोष्ट आता टाकून द्यायला हवी. ज्या वृत्तपत्राने ती छापली त्यानेच पुढे मान्य केलं की साक्षीदारांचा आकडा आणि त्यांनी काय पाहिलं हे दोन्ही फुगवलेलं होतं. बहुतेकांना नुसता आवाज ऐकू आला होता, काहींनी पोलिसांना बोलावल्याचंही सांगितलं, आणि एक शेजारीण खाली जाऊन तिला शेवटपर्यंत धरून बसली होती. त्या बातमीवरून मात्र मानसशास्त्रात "बघे जितके जास्त तितकी मदत कमी" असं सांगणाऱ्या संशोधनाची एक शाखाच उभी राहिली.

अलीकडे उलट टोकाने तपासलंय. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाऊनमधल्या रस्त्यांवरच्या भांडणांची सीसीटीव्हीतली २१९ दृश्यं पाहिली. दहातल्या नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. बघे जितके जास्त तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यता जास्त. हा अभ्यास २०१९ चा.

शहरातला माणूस मदत करतो. फक्त रस्त्यावर करतो. बंद दारामागचं त्याला दिसत नाही, आणि तुमची खिडकी तो ओळखत नाही. तेवढा भाग तुमचा बरोबर आहे.

निवांत

तेवढाच भाग माझ्या उपयोगी पडला, ताई.

टवाळ

आकाशाबद्दल अजून कुणीच कसं बोललं नाही? गावाकडून बोलणाऱ्यांचं हुकमी पान ते. २०१६ च्या प्रकाश-प्रदूषणाच्या नकाशाप्रमाणे जगातल्या सुमारे एक तृतीयांश माणसांना आकाशगंगा दिसतच नाही.

निवांत

दिसते इथे. मी तरी फार वेळा बघत नाही, मान दुखते.

संपादक

खगोलशास्त्राचा वेगळा धागा आहे. एका नव्या सदस्याचा वैयक्तिक शेरेबाजीचा प्रतिसाद काढला आहे. नाव_नको यांना खोदून प्रश्न विचारू नयेत.

डॉ_आडवाट

छोट्या गावात प्रॅक्टिस करतो. रात्री लिहितोय, फोन आला तर अर्धवट राहील.

उंबरठांच्या उदाहरणात गावातला एकुलता एक दंतवैद्य सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोललंच नाही. तो एकटाच का? वॉल्टर ख्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ साली दक्षिण जर्मनीतल्या वस्त्यांवरून हे मांडलं होतं. प्रत्येक सेवेला टिकून राहायला किमान एवढी माणसं आसपास लागतात, आणि प्रत्येक सेवेसाठी माणूस अमुकच अंतर जायला तयार असतो. रोज लागणाऱ्या गोष्टी प्रत्येक गावात, क्वचित लागणाऱ्या मोठ्या गावात, फारच क्वचित लागणाऱ्या महानगरात. गावावर कुणाचा राग नसतो, रुग्ण मोजावे लागतात.

माझ्या क्षेत्रात याला आणखी एक कडू पदर आहे. हात बसायला रुग्ण लागतात. १९७९ मध्ये अमेरिकेत १२ प्रकारच्या शस्त्रक्रियांचा हिशेब केला होता. हृदयाच्या बायपाससारख्या काही शस्त्रक्रिया वर्षाला २०० किंवा जास्त करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूंचं प्रमाण कमी वेळा करणाऱ्यांपेक्षा २५ ते ४१ टक्क्यांनी कमी होतं. तेव्हापासून अनेक ठिकाणी असंच दिसत आलंय. मी कितीही जीव लावला तरी वर्षातून एकदा येणारी केस मला तितकी जमणार नाही. माझं कौशल्य दुसऱ्या जागी आहे. या माणसाचे वडील कशाने गेले, हा खरंच गोळ्या घेतो की खिशात ठेवतो, हा घाबरून आलाय की दुखतंय म्हणून, हे मला कागद न बघता कळतं. मोठ्या रुग्णालयात ते कुणालाच कळत नाही. निवांतकाकांना वहिनींनी वाचवलं, पण मांडीचं हाड मोडलं असतं तर मी त्यांना गाडीत घालून शहरातच पाठवलं असतं, आणि ती गाडी किती वेळात पोचते यावर बाकी सगळं.

आणि नाव_नको, एकुलता एक असण्याचा काच या बाजूनेही आहे. माझी मुलगी परीक्षेत नापास झाली तर रुग्ण मला धीर देतात. मी कुठे फिरायला गेलो, किती दिवस, कुणाला विचारून, सगळ्याचा हिशेब गावाकडे असतो.

शॉर्टवेव्ह

डॉक्टर, फोन आला नाही म्हणायचा.

डॉ_आडवाट

आला. जाऊन आलो. पोट दुखत होतं. खरं कारण उद्या सांगेल.

उंबरठा

डॉक्टरांमुळे माझा प्रश्न जरा बदलतो. मी माणसाच्या बाजूने निवड म्हणत होतो. ते आकड्याच्या बाजूने तेच सांगतायत: दुसरा पर्याय उभा राहायला किमान लोकवस्ती लागते. एकुलतं एक वाचनालय, एकुलती एक शाळा, एकुलता एक दवाखाना, यामुळेच सगळी नाती एकमेकांत गुंततात. नाव_नको यांना न मिळालेलं दार आणि मिटलेलं कुंपण, दोन्हींचं मूळ तिथेच.

नाव_नको, संपादकांचा मान ठेवून एकच विचारतो, उत्तर नाही दिलंत तरी चालेल. परत छोट्या गावात राहायला जाल का? काय असेल तर जाल?

नाव_नको

विचारलंत ते चाललं. मुलगा मोठा झाला, काम घरून होतं, त्यामुळे हा विचार मी हल्ली खरोखर करतेय. शहर दमवतं. लिफ्टमधले ते गृहस्थ अजूनही "कितवा?" विचारतात, म्हणजे बघा.

मला पन्नास लाखांचं काही नको. मला प्रत्येक गोष्टीचं दुसरं हवंय. दुसरं औषधाचं दुकान, दुसरी शाळा, दुसरा डॉक्टर (आडवाट, राग मानू नका). एकीकडे माझी गोष्ट पोचली असेल तर दुसरीकडे जाता यावं. जाईन असं नाही. कदाचित पहिल्याच ठिकाणी जात राहीन. पण तो दुकानदार आवाज उतरवताना थोडा विचार करेल, कारण मी उठून जाऊ शकते. दोन असले की भागतं माझं.

मोजपट्टी

नाव_नको, तुमच्या या "दोन"वर अर्थशास्त्रात प्रसिद्ध काम आहे. टिमथी ब्रेस्नाहन आणि पीटर रीस यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतली एकमेकांपासून दूर असलेली २०२ छोटी गावं घेतली आणि डॉक्टर, दंतवैद्य, औषधविक्रेते, प्लंबर, टायरवाले यांचा हिशेब केला: पहिला टिकायला किती वस्ती लागते, दुसऱ्याला किती, तिसऱ्याला किती. निष्कर्ष असा की वागणुकीत फरक पडतो तो जवळजवळ सगळा दुसरा आणि तिसरा येताना. चौथा-पाचवा आल्याने फारसं काही बदलत नाही. त्यांचा विषय स्पर्धा होता, उतरवलेला आवाज नव्हे, पण तुमचा अंदाज त्याच दिशेचा आहे. महानगराची गरज नाही. एकाचे दोन-तीन होतील एवढं गाव पुरे.

धावपळ

मला नाही पुरणार. माझ्या कामाला ते मंडळ लागतं, दोन माणसं नाही. पण नाव_नको यांचं गणित पटलं. काही गोष्टींना दोन पुरतात, काहींना पाच हजार लागतात, आणि आपल्याला कशाची जास्त गरज आहे ते वयाप्रमाणे बदलतं.

शॉर्टवेव्ह

रेडिओला दोन पुरतात. एक बिघडवणारा, एक दुरुस्त करणारा.

डॉ_आडवाट

नाव_नको, राग कसला. दुसरा डॉक्टर येत असेल तर त्याला जागा मी शोधून देतो, पाटी मी लावून देतो. पहिल्या रात्री माझ्या रुग्णांना त्याचा नंबर देऊन माझा फोन बंद करीन. आमच्याकडे ये म्हणून मी कितीतरी जणांना सांगून पाहिलंय. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "तिथे अजून कोण आहे?"